मामी पत्ते बघत नसत

बावन्न पत्त्यांतून कुठलीही तीन पानं उचलली, तर त्यांचे एकूण बावीस हजार एकशे प्रकार होतात. हे मी माझ्या सासूबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "असतील की," आणि स्वतःच्या न बघितलेल्या तीन पानांवर आणखी एक चिंचोका टाकला.

मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. संस्थान विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हा माझं लग्न झालं. सासुरवाडी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. सासरे तरुणपणी कुस्त्या करत, पुढे नुसतेच पैलवान म्हणून राहिले. घर चालत होतं ते सासूबाईंच्या सात म्हशींवर. सासूबाईंना मी मामी म्हणे आणि सासऱ्यांना मामा; बायको वडिलांना दादा म्हणे. त्या मला "पावणं" म्हणत. कोल्हापूरकडच्या बायका "मी जातो, मी येतो" असं पुरुषासारखं बोलतात, त्याची सवय व्हायला मला थोडे दिवस लागले. मामींच्या पत्त्यांची सवय शेवटपर्यंत झाली नाही.

त्या घराचा एक रिवाज होता. पाडव्याला सकाळी म्हशी धुवायच्या, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची. दुपारी जेवणं उरकली की म्हशी मिरवायला न्यायच्या आधी दोन तास सतरंजी टाकून तीन पानी खेळायचं. वर्षातून एकदाच. दिवाळसणाला आलेल्या जावयाला त्यातून सुटका नसे. पैसे लावायचे नाहीत, असा मामांचा नियम. सगळ्यांना मूठभर चिंचोके मिळत. मला हे फार सोज्वळ वाटलं होतं. चिंचोक्यांना किंमत नसते म्हणून तर ते हरल्याचं जास्त लागतं, हे मला माहीत नव्हतं. पैसे गेले तर माणूस निदान पैशांचं दुःख करतो.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला तीन पानं. बघून खेळलात तर दोन चिंचोके टाकायचे, न बघता खेळलात तर एक. पटत नसेल तर पानं खाली टाकून मोकळं व्हायचं. शेवटी दोघंच उरले की दाखवायचं; ज्याची पानं भारी त्याने सगळा ढीग ओढायचा. शहाण्या माणसाने पानं बघावीत, वाईट असली तर टाकावीत, चांगली असली तर थांबावं. याच्यात न समजण्यासारखं काही नाही. मामा असंच खेळत. किंबहुना जास्तच. हातात निदान राजाची जोडी असल्याशिवाय ते बसतच नसत, त्यामुळे ते बसले की बाकीचे पानं टाकून पळत, आणि मामांना आयुष्यात चांगल्या पानांवर कधी काही मिळालं नाही.

मामी पानं बघत नसत आणि टाकतही नसत. वाटलेली तीन पानं समोर पालथी ठेवायच्या, त्यांवर डाव्या हाताचा पंजा, आणि उजव्या हाताने एकेक चिंचोका टाकत राहायच्या. शेवटी पानं उलटून बघायचं कामही मामांचं. "जिंकलो व्हय?" एवढंच त्या विचारत.

"मामी, एकदा बघून तरी घ्या," मी म्हणालो.

"बघून खेळायचं म्हंजे बाजार झाला, पावणं. बाजार रोजच करतो की मी. कुणाच्या दुधात किती पाणी, कुणाची पेंड सडकी, वरीसभर बघतच असतो. आज न्हाय बघत."

"मग वाईट पानं टाकायची कशी?"

"वाढलेलं टाकायचं कशाला?" त्यांनी मलाच विचारलं.

यावर गणितात उत्तर नाही. मी मनाशी म्हटलं, असू दे, अशा बाईला हरवणं म्हणजे तासाभराचं काम. आणि तसं ते होतंही. मी हळूहळू जिंकत होतो. मग एका डावात मला तिन्ही बदाम आले, त्यांत एक्का. मामा पळाले. मी दोन-दोन टाकत राहिलो, मामी एकेक. ढीग मोठा झाला. मी दाखवा म्हटलं. मामांनी मामींची पानं उलटली. पंजी, छक्की, सत्ती. तीन रंगांची, पण ओळीनं. ओळ रंगाला खाते.

"जिंकलो व्हय?" मामींनी विचारलं, आणि मामांनी मान हलवल्यावर त्या हसल्या. साधं हसू नव्हे. म्हैस उधळली तर हाक मारायची सवय असलेल्या बाईचं हसू होतं ते. रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघून गेला.

माझा स्वभाव तापट. वर्गात डस्टर फेकून मारण्यात माझा नेम चुकत नसे. त्या क्षणी मला मुद्दा पटवायचा होता की या बाईंनी काहीही केलेलं नाही, सगळं योग्य मी केलं होतं, आणि तरी चिंचोके त्यांच्याकडे चालले आहेत. हा अन्याय आहे. मी पानं सतरंजीवर आपटली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला. तेवढ्यात माझी बायको आतून करंज्यांची ताटली घेऊन आली आणि ताटली ठेवता ठेवता तिने माझ्या पायाच्या बोटांवर पाय दिला. जोडव्यासकट. मी खाली बसलो.

संध्याकाळी म्हशींची मिरवणूक बघायला आम्ही दारात उभे होतो, तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. तिची एक थोरली बहीण होती, निपाणीला दिलेली. नवऱ्याचा तंबाखूचा व्यापार. तीन वर्षांपूर्वी याच सतरंजीवर या थोरल्या जावयाच्या हातात बदामाचा एक्का, राजा, राणी आले होते. माणसाला जन्मात एकदा येतात अशी पानं. त्याच्यावर फक्त एकाच आकड्याची तीन पानं चढतात. मामींकडे तीन दुऱ्या निघाल्या.

"मग?"

"आई हसली. दाजी म्हणाले, पत्ते लावलेत. आई म्हणाली, मी पत्ते बघत सुदीक न्हाय, लावीन कशाला? दाजींनी पायताण घातलं, अक्काला उठवलं आणि तिन्हीसांजेची दोघं मोटारीनं गेली. त्या दिवसापासून त्यांनी अक्काला माहेरी पाठवलेलं नाही. दुसरं बाळंतपण तिनं तिकडंच केलं. दादांचा पाय मोडला तेव्हाही ती आली नाही."

"चिंचोक्यांसाठी?"

"चिंचोक्यांसाठी. आणि मघाशी तुम्ही उठत होतात. तुम्ही उठला असतात, तर आईच्या दोन्ही लेकी गेल्या असत्या."

मी म्हटलं की मी काही तसला माणूस नाही. तिने माझ्या पायाच्या बोटांकडे बघितलं. मग एक म्हैस शिंगांना मोरपिसं लावून आमच्या समोरून गेली आणि मी तिच्याविषयी काहीतरी बोललो. मला लाज वाटत होती.

पुढच्या दिवाळीला मी तयारीनं गेलो. राग आला की सतराचा पाढा उलटा म्हणायचा, असं ठरवलं होतं. मामी पहिल्या तासात मला तीनदा अशा पानांनी हरवून गेल्या की त्या पानांवर कुणी बसल्याचं ऐकिवात नाही. मी सतराचा पाढा संपवून एकोणिसाच्या पाढ्यावर आलो. लवंग चघळून पाहिली. भिंतीकडे बघून पाहिलं. राग जात नाही, फक्त तोंडाला लवंगेचा वास येतो. त्या दिवशी बायको म्हणाली, "मागच्या वर्षी जिंकलात, या वर्षीही डबाभर चिंचोके तुमच्याकडेच आलेत. मग तोंड का पाडलंय?" मी डबा बघितला. खरंच होतं. न बघता खेळणारी बाई एकूणात हरणारच, तशा त्या हरत होत्या. पण मला माझा जिंकलेला एकही डाव आठवेना. हरलेले चारही पानांसकट पाठ होते, अजून आहेत.

मामी दर दोन-तीन महिन्यांनी निपाणीला जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे तुपाचा डबा देत. डबा धुऊन परत येई. त्यावरून तूप पोचलं एवढं कळे, बाकी काही नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "जावयाला चार शब्द लिहून पाठवा ना, चुकलं म्हणून."

"काय चुकलं? पत्ता आपल्या पायानं आला माझ्याकडं."

"मग हसलात तरी कशाला?"

"हसू आलं म्हणून हसलो. तीन दुऱ्या, पावणं! म्हशीला तिळं झाल्यागत!" एवढं बोलून त्या पुन्हा हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मग पदरानं डब्याचं झाकण पुसत बसल्या. झाकण स्वच्छच होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निपाणीला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, हा मुळात गणिताचा प्रश्न आहे आणि तो सोडवणारा घरात मी एकटाच आहे. खिशात एक कागद होता. एकाच आकड्याची तीन पानं सव्वाचारशे डावांत एकदा येतात, हे मी त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी मांडलं होतं. म्हणजे ती येतात. लावावी लागत नाहीत.

साडू वखारीत बसले होते. धिप्पाड, गोरे, बोलायला अगदी नम्र. मला गादीवर बसवलं, चहा मागवला, कागद हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि घडी करून परत दिला.

"मास्तर, गणित तुमच्या शाळंत ठेवा. मी हरलो म्हणून उठलो न्हाय. पत्ते लावल्यालं न्हवतं हे मला बी कळतंय की. पर त्या हसल्या. चार माणसांत, जावायाला!"

"मलाही हसतात," मी म्हणालो.

ते जरा पुढे सरकले. "तुम्हांला बी? कशावर हसल्या?"

मी बदामांचा डाव सांगायला लागलो. ते ऐकत होते असं दिसत होतं, पण माझं संपायची वाट बघत होते. मामींची ओळ उलटते न उलटते तोच त्यांनी आपला एक्का, राजा, राणी काढले. मग मी दुसऱ्या वर्षीचा पहिला डाव सांगितला. त्यांनी पुन्हा एक्का, राजा, राणी. माझ्याकडे चार डाव होते, त्यांच्याकडे एकच, पण तो त्यांनी तीनदा सांगितला आणि दर वेळी मामींचं हसू थोडं लांबलं. तासभर आम्ही दोघं एकमेकांचं काहीही न ऐकता एकमेकांना सांगत होतो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

रिकामे कप न्यायला मागच्या घरातून मेव्हणी आली. माझ्या बायकोसारखीच उभी राहायची ढब. नवऱ्यासमोर तिने आईचं नाव काढलं नाही. "म्हशी किती हायत आता?" एवढं विचारलं.

"आठ."

"पांढऱ्या कपाळाची हाय का?"

"आहे. श्रावणात व्याली."

"रेडी का रेडा?"

रेडी, म्हणालो. ती बरं म्हणून आत गेली. कप मात्र तिथंच विसरली. नंतर साडूंनीच उचलून ठेवले.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, "यंदाच्या पाडव्याला यीन म्हणतो मी."

"या ना!"

"खेळायला न्हाय. त्या तुम्हांला हसताना तुमचं तोंड बघायचंय मला."

मी म्हटलं, अवश्य. माणसं घरी परत येण्याची कारणं याहून चांगली क्वचितच असतात.

पाडव्याला सकाळी ते खरंच आले. मेव्हणी आणि दोन पोरं बरोबर. धाकट्याला आजी कोण ते दाखवावं लागलं. मामींनी चौघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता चुलीकडे गेल्या. साडूंनी पायताण उंबऱ्याशी काढलं ते बाहेरच्या बाजूला तोंड करून. ते सगळ्यांनी बघितलं.

सतरंजी टाकली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले. फक्त बघणार होते. अर्धा तास त्यांनी तोंड बघायची हौस फेडून घेतली. मी त्यांना निराश केलं नाही. मग ते माझ्या पानांत डोकावायला लागले. मग सल्ले द्यायला लागले, आणि सगळे चुकीचे. शेवटी मामांनी काही न बोलता मूठभर चिंचोके त्यांच्यासमोर ठेवले, आणि ते पुढे सरकले.

ते बसल्यापासूनचा तिसरा की चौथा डाव होता. मामांनी पानं टाकली. माझ्याकडे सत्तीची जोडी होती, तरी मी टाकली. उरले ते दोघं. साडूंनी पानं बघितली आणि दोन चिंचोके टाकले. मामींनी न बघता एक. दोन. एक. दोन. एक. आत कढईत तळण चालू होतं, तो झारा थांबला. मी दाराकडे बघितलं. दोन्ही बहिणी उंबऱ्याशी उभ्या होत्या. माझ्या बायकोने थोरलीचा दंड धरला होता.

मामींचा चिंचोक्याचा हात वर होता, तो तसाच राहिला. त्यांनीही दाराकडे बघितलं. मग पानांवरचा पंजा उचलला, आणि ती तीन पानं पालथीच पुढे सरकवली.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या.

"काय?" मामांनी विचारलं. तीस वर्षं त्या बाईबरोबर खेळलेला माणूस तो.

"टाकलं म्हटलं की."

मला हायसं वाटलं. मूर्खच मी. साडूंचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

"मामी, मी भिकारी हाय व्हय?" ते म्हणाले. "भीक घालतायसा मला? बाकीच्यांच्या म्होरं न टाकता खेळायचं आन् माझ्या म्होरं टाकायचं? मी काय लहान पोर हाय, रडंल म्हणून जिंकू द्यायला?"

"मग काय करू मी?" मामी एवढ्या मोठ्यांदा बोलल्या की गोठ्यातली म्हैस हंबरली. "सांगा की, पावणं! जिंकलो तर पाच वर्सं लेक डोळ्यांला दिसत न्हाय. नातू मला वळखत न्हाय. हरलो तर तुमचा अपमान हुतोय. मी हसायचं न्हाय, रडायचं न्हाय, टाकायचं न्हाय. कसं खेळू, तुम्हीच सांगा. तसं खेळतो मी!"

त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या ते पुसत नव्हत्या. मामींनी कुणाला काही विचारून केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी चिंचोके बघत बसलो.

साडूंनी समोरचा ढीग हातानं जरा बाजूला सारला. मग वाकून मामींची ती तीन पानं बोटांनी ओढली आणि पालथीच परत त्यांच्यासमोर ठेवली.

"हमेशा खेळतायसा तसंच खेळा," ते म्हणाले.

मामींनी पानांवर पंजा ठेवला आणि एक चिंचोका टाकला. साडूंनी दोन टाकले आणि दाखवा म्हटलं. त्यांच्याकडे राजाची जोडी होती, वर छक्की. चांगली पानं. मामा या पानांवर नक्की बसले असते. त्यांनी मामींची पानं एकेक करून उलटली. एक्का. तिर्री. एक्का.

सहा डावांत एकदा जोडी येतेच. त्यात नवल करण्यासारखं काही नाही, आणि एका जोडीला त्याहून मोठी जोडी भेटते यातही नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी बोललो नाही.

मामींनी "जिंकलो व्हय?" विचारलं नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. साडू पानांकडे बघत होते. त्यांचा एक हात गुडघ्यावर टेकला, मी टेकला होता तसा, आणि माझी बायको इतक्या लांबून माझ्या पायावर पाय देऊ शकत नव्हती, साडूंच्या तर नाहीच. तेवढ्यात पदराच्या बोळ्यामागून आवाज आला. आधी मला वाटलं, त्या रडताहेत. खांदे हलत होते. मग त्यांना आवरेना आणि ते बाहेर फुटलं. तेच हसू. रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या एका हाताने "न्हाय, न्हाय" असं खुणावत होत्या आणि हसत होत्या.

साडूंनी त्यांना पुरतं हसू दिलं.

"हसा, मामी, हसा," ते म्हणाले. "पर आता पत्ते मास्तरला पिसू द्या. तुमच्या घरच्यांचं पिसणं काय बरं न्हाय." मग माझ्याकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "पिसा की, मास्तर! बसलायसा काय?"

मी पत्ते गोळा करून पिसायला घेतले. आतल्या खोलीतून ट्रंकेची कडी निघाल्याचा आवाज आला. सकाळी एसटीवरून उतरवलेली मेव्हणीची ट्रंक तिने तोवर उघडलीच नव्हती.